तळहातावरचं दूध

डिग्रीकाकांच्या दुकानात न उकळलेलं दूध कुणाच्या ओठाला लागलं नाही. कुंभकोणमला निर्भेळ दुधाच्या कॉफीला डिग्री कॉफी म्हणतात. ती विकता विकता माझ्या काकांचं नावच तसं पडलं. दूध उसळून वर येईपर्यंत ते चुलीपुढून हलत नसत. कुणी घाई केली की बाहेर तमिळमध्ये झापायचे आणि आत येऊन आमच्या तंजावरी मराठीत मला सांगायचे, "कच्चें दूध म्हण्जे विष!"

एकदा पुण्याहून आलेल्या माझ्या दिराने धारोष्ण दूध मागितलं. म्हणे, ताकद येते. काकांनी असे डोळे वटारले की बिचारा कॉफी मागायलाही विसरला. "तुझ्या गांवीं जाऊन पी. अम्च्या दुकानांत होणार नाही." मी पोट धरून हसले होते.

दूध पारखण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. चोळपुरमहून दुधाची कॅन आली की पळीभर दूध तळहातावर घ्यायचे, भुरकायचे आणि डोळे मिटायचे. "बेष अहे," म्हणाले की दूध चुलीवर. "पाणी!" म्हणाले की गवळी मुकाट्याने कॅन परत सायकलला अडकवायचा. दुधातलं पाणी तपासायची काचेची नळी फळीवर धूळ खात पडलेली. रोज सकाळी आम्ही सगळे हे कौतुकाने बघायचो.

गेल्या वर्षी काकांना ताप येऊ लागला. यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. घामाने अंथरूण भिजायचं, कंबर धरून बसायचे. गावातल्या सगळ्या गोळ्या झाल्या. शेवटी तंजावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, "कच्चं दूध पिता का?"

काकू उसळल्याच. "अम्च्या घरांत? अस्कि लोक कढवूनच पितात!"

मीही जोरजोरात मान हलवली. मग काकांकडे लक्ष गेलं. ते आपल्या तळहाताकडे बघत होते. त्या घोटाला आम्ही कुणी कधी पिणं म्हटलंच नव्हतं. ती पारख होती! कच्च्या दुधातून पसरणारा गुरांचा एक आजार रोजच्या त्या घोटातून आला होता आणि आता हृदयाच्या झडपेपर्यंत पोचला होता. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. ज्या माणसाने अख्ख्या गल्लीला सांभाळलं, त्याला असं व्हावं?

काकांनी एकच विचारलं, "अम्च्या गिऱ्हाइकांस कांहीं झालं नाही नां?"

"नाही. उकळल्यावर ते जंतू मरतात," डॉक्टर म्हणाले.

"मग बेष," म्हणत काका खरंच हसले. मला भयंकर राग आला. मी ओरडलेच, "अन् तुम्ही, काका?"

माझं काहीतरीच चुकल्यासारखं त्यांनी बघितलं.

"मी कां गिऱ्हाईक?"

त्याच आठवड्यात काका गेले.