ब्रेकर आला, उतर!

साऱ्या परभणी जिल्ह्यात स्पोर्ट्स कार घेऊन सर्वांत सावकाश जाणारा माणूस म्हणजे आमचे पालमचे मामा. दुकान ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं, आणि दारात उभी दोन माणसांची लालभडक गाडी, रस्त्यांची कामं घेणाऱ्या कुण्या गुत्तेदाराकडून जुनी घेतलेली. तिचं पोट रस्त्यापासून जेमतेम चार बोटं वर. त्यामुळे ब्रेकर दिसला की मामांचा हुकूम सुटणार, "उतर!" शेजारच्याने उतरायचं, गाडी हलकी झाली की मामा दाताखाली जीभ धरून ती तिरकी तिरकी पलीकडे नेणार, आणि आपण चालत जाऊन पुन्हा आत घुसायचं. बहुतेक ब्रेकरांपाशी चहाची टपरी असतेच, त्यामुळे चहा घेतल्याशिवाय पुढे जाणं मामांच्या तत्त्वात बसत नाही.

मलाही त्यांनी असंच उतरवलंय. हैदराबादला मुलाखत होती, एसटी चुकली होती, आणि चुडाव्याला रेल्वे गाठायची होती. "बस. आपली गाडी इमान हाय इमान!" मामा म्हणाले, आणि ते विमान थांबेल तिथे मी कागदांची पिशवी छातीशी धरून पळत राहिलो. रेल्वे मिळाली. ती लेट होती, हे मामांना आजही मान्य नाही. आणि त्याच नोकरीवर माझं घर चालतं, त्यामुळे आता मलाही मान्य नाही.

यंदा मात्र मामींचे गुडघे धरले. दर सोमवारी दोघं गंगाखेडला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जायची. आता मामींना उतरता येईना. दोन सोमवार मामा एकटेच गेले आणि तोंड पाडून परत आले. तिसऱ्या आठवड्यात मला घेऊन थेट संभाजीनगरच्या शोरूममध्ये. तिथला पोरगा नव्या गाडीचा वेग सांगत होता, मामा खाली उकिडवे बसून बोटांनी उंची मोजत होते. "ते ऱ्हाऊ द्या. बायको आत बसून ब्रेकर पार व्हतो का, तेवढं बोला."

"होतो ना. बटन दाबलं की गाडी उचलते."

मामा खूश झाले. पण बदल्यात जुनी द्यावी लागेल म्हटल्यावर "सांगतो" म्हणून उठले.

मामी घरी कडाडल्या, "आवो, एका बटनापायी गाडी इकायलाव? सोमवारी मी येनार, आन उतरनार न्हाई!"

सोमवारी मी मोटारसायकलवर मागे होतो. पहिल्याच ब्रेकरला मामा थांबले. मामी ढिम्म. तेवढ्यात टपरीवाला उठला, मेंढरं रस्त्याकडेला लावून दोन धनगर आले, अजून चार-पाच जण धावले. कुणाची बाळंतीण त्या सीटवरून दवाखान्यात गेली होती, कुणाचा आजारी मेंढा. "मामी, बसूनच ऱ्हावा!" म्हणत सगळ्यांनी गाडी मामींसकट उचलून धरली. मीही मागचा कोपरा धरला. माझी भाकरी त्याच सीटवर बसून आली होती. गाडी पलीकडे टेकली तरी हात सुटेना.

मामांनी काच खाली केली. डोळे पुसले, खाकरले.

"त्या शोरूमवाल्याला फोन लाव," ते म्हणाले. "म्हनावं, आमची बी गाडी उचलती."