इस्त्री मारणारी ताई

बहीण काय करते असं कुणी विचारलं, की मी छाती पुढे काढून सांगतो, इस्त्री मारते. तिच्या हाताखालून गेलेली कॉलर बघा आणि मग बोला! कामात तिचा एकच दंडक: हात काढायचा तर इस्त्री आधी उभी करायची. दाराशी आग लागली तरी आधी इस्त्री उभी. यावरून मी तिची खूप टिंगल केलीय.

दुकानात गिऱ्हाइकं मी सांभाळतो. माझा आवाज असा, की गल्लीत सगळे मला भोंगा म्हणतात. "आवाज कमी कर रे," हे ताई दिवसभर खेकसत असते.

एका दुपारी एक धिप्पाड गिऱ्हाईक कोट मागायला आलं. कोट सकाळीच टाकलेला! मी म्हणालो, "साहेब, इस्त्री आहे, जादू नाही." झालं! पठ्ठ्या टेबलाला वळसा घालून आत शिरला, दोन्ही हातांनी माझा गळा धरला आणि मला भिंतीला दाबलं. भोंगा बंद. डोळ्यांपुढे काजवे चमकले. संपलं आता, असंच वाटलं मला.

आणि ताईनं काय करावं? आधी इस्त्री उभी केली! मग उंचावरचे हँगर काढायची काठी उचलली आणि त्याच्या कोपरावर एकच सणसणीत हाणली. हात सुटले, तो मटकन खाली बसून कळवळायला लागला. मला श्वास आला तसा मी जीव खाऊन बोंबललो, "ताई, हाण! अजून एक हाण!" अख्ख्या गल्लीनं ऐकलं. ताईनं काठी भिंतीला टेकवली आणि वर त्यालाच पाणी दिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याचं हाड मोडलं होतं. त्यानं तक्रार दिली, की पहिल्या फटक्यालाच त्यानं माझा गळा सोडला, हाड मोडलं ते दुसऱ्या फटक्यानं, मी ओरडून सांगितल्यावर. खटला ताईवरच उभा राहिला.

आमच्या वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, "भावाला सोडवायला लागेल तेवढं मारलं, तर कायदा तुमच्या पाठीशी. तो सुटल्यावर मारलं असेल, तर तुरुंग."

आत काय घडलं ते कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं होतं ते फक्त माझं 'अजून एक हाण'. माझ्याच तोंडानं ताईला गोत्यात आणलं होतं.

कोर्टात सरकारी वकिलांनी तिला विचारलं, "तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"इस्त्री मारत होते."

वकिलांनी शब्द पकडला. "म्हणजे इस्त्री मारलीत, हे कबूल?"

"त्यात कबूल काय करायचं? सकाळपासून मारत होते."

"कुणाला?"

"शर्टांना."

सगळं कोर्ट हसलं. वकील चिडले. "भावाचा जीव जात होता म्हणता, आणि तुम्ही इस्त्री उभी करत बसलात? गरम इस्त्री हातात होती की!"

"उभी करायला कितीसा वेळ लागतो? हाताला सवयच आहे. आणि इस्त्रीनं हा माणूस जन्माचा भाजला असता. मला भाऊ सोडवायचा होता, याला भाजायचं नव्हतं."

"आणि भाऊ 'अजून एक हाण' म्हणून ओरडत असताना तुम्ही हात आवरलात? कोण विश्वास ठेवील?"

ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि न्यायाधीशांकडे वळली.

"साहेब, गळा आवळलेला माणूस ओरडेल का? हा बोंबलला तेव्हाच मला कळलं, की हा सुटला. मग कशाला मारू?"

वकील खाली बसले. निकालात न्यायाधीशांनी ताईचं हेच वाक्य वाचून दाखवलं आणि तिला निर्दोष सोडलं. अभिमानानं माझा ऊर भरून आला.

बाहेर पायऱ्यांवर मी हंबरडाच फोडला. लोक वळून बघायला लागले. मी तोंडावर हात दाबून धरला, म्हटलं आता खेकसणार.

ताईनं माझा हात बाजूला केला. म्हणाली, "ओरड रे बाबा. ऐकून बरं वाटतं."