गुडघाभर ज्वारी

पावसाने दडी मारली त्या वर्षी मी चार दिवसांची सुटी काढून बडनेऱ्याहून ताईच्या शेतावर गेलो. तिचे गाव नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला. सोयाबीन पार करपले होते. ज्वारी तेवढी गुडघ्याएवढी होऊन थांबली होती; पाने गुंडाळून, पाण्याची वाट पाहत, हिरवीच्या हिरवी. तिचा चिवटपणा पाहून मला भारी कौतुक वाटले.

गोठ्यात ताईची गाभण गाय कोरडे कुटार, नुसता भुसा, चघळत होती. "हिला थोडं हिरवं दे ना," मी म्हणालो.

"त्या ज्वारीले हात लावू नको," ताई म्हणाली. "पानी पडू दे, वाढू दे. मंग पाहू."

मला वाटले, ताई चिक्कू झाली. रेल्वेत नोकरी लागली की माणसाला सगळेच कळते, असा माझा तेव्हा समज होता. ताई पाण्याला गेली, तसा मी विळ्याने दोन पेंढ्या कापून गाईपुढे टाकल्या. तिने अधाशासारख्या फस्त केल्या. मी स्वतःवर खूश.

थोड्याच वेळात ती धापा टाकू लागली. तोंडाला फेस आला, पाय लटपटले, धप्पकन खाली बसली. ताई घागर टाकून धावली. जनावरांचे डॉक्टर लसीकरणाला गावातच आलेले, ते लगेच पोचले.

"काय खाल्लं हिनं?"

"कुटार," मी म्हणालो.

पोट फुगले असेल म्हणून ते तेल पाजायची तयारी करू लागले. ताई गाईचे डोके मांडीवर घेऊन "उठ माय, उठ" करत होती. गाईचे डोळे फिरले. सांगायला लाज वाटते, पण त्या घडीला मला गाईपेक्षा माझीच पडली होती.

"ज्वारी!" शेवटी मी ओरडलो. "मी कापून घातली."

डॉक्टरांनी बाटली बाजूला फेकली आणि मानेच्या शिरेत इंजेक्शन दिले. "पाण्यावाचून खुंटलेली कोवळी ज्वारी म्हणजे जहर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आधी सांगायचं ना!"

गाय संध्याकाळी उठली. ताईने तिला पाणी पाजले, मला चहा दिला.

"चुकी होते मानसाची," ती म्हणाली. "पन डॉक्टरनं इचारलं तवा तू कुटार काहून सांगितलं?"

पुढे पाऊस आला, ज्वारी डोक्यावर गेली. ताईने नेहमीसारखे पोते धाडले. त्या ज्वारीच्या भाकरी मी खाल्ल्या. ताईला उत्तर अजून दिलेले नाही.