देउमानच्या जीपचं सील

पदमलाल योन्जनला मानेभंज्यांग हे डोंगरातलं गाव सोडून जायचं होतं आणि गाव त्याला सोडत नव्हतं. मारून अडवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

सांदकफू शिखराच्या दगडी चढावर आजोबांच्या वयाच्या विलायती जीपा अजून धावतात, त्या या माणसामुळे. चाळीस वर्षं तो त्यांच्याखाली उताणा पडून गिअरबॉक्सची, तेल आत अडवून धरणारी ऑइल सीलं बदलत आला. आता थंडीने बोटं आखडत, गुडघ्यांनी तर संपच पुकारलेला. सिलिगुडीला लेकीने, पेमाने, त्याच्यासाठी एक खोली रिकामी ठेवली होती. दर दसईंला, म्हणजे दसऱ्याच्या सणाला, तो "यंदा नक्की" म्हणे आणि दर वर्षी चालकांच्या समितीतलं कुणीतरी हात जोडून उभं राही. की हा विरघळला.

यंदा मात्र त्याने मन घट्ट केलं. शेवटची म्हणून चालक देउमान लिंबूची जीप दुरुस्तीला घेतली. तिच्या शाफ्टवर वर्षानुवर्षांच्या घासण्याने खाच पडली होती, त्यामुळे नवं सीलही चार दिवसांत गळायचं. पदमलालने मागे पातळ वायसर घालून सील नखभर सरकवलं आणि खाचेपलीकडच्या कोऱ्या लोखंडावर बसवलं. गळती बंद. गळतं तेल धरायला गाडीखाली ठेवलेला डबा सकाळी कोरडा ठणठणीत.

देउमानच्या जिवाला मात्र घोर लागला. गळतंय तोवर आत तेल आहे, हे पदमलालनेच साऱ्या गावाला शिकवलेलं. खरं तर गळती थांबत नसे तेव्हाची ती सबब होती. कोरडा डबा बघून देउमान गुपचूप रोज थोडं तेल ओतू लागला. आठव्या दिवशी जास्तीचं तेल सीलमधून रेटून त्याला लागून असलेल्या हँडब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं आणि ब्रेक धरेना. उतारावर उभी केलेली रिकामी जीप आपली आपण निघाली, ती बटाट्याच्या शेताच्या बांधावर जाऊन आदळली. कुणाला लागलं नाही एवढंच.

पदमलालने खोलून पाहिलं. सील शाबूत, तेल भरायच्या तोंडापर्यंत; देउमानने वरून ओतलंय हे त्याला कळलं. समितीची माणसं भोवती उभी होती. खरं सांगितलं तर समिती देउमानची गाडी मोसमभर प्रवाशांच्या रांगेबाहेर काढणार, त्याची कमाई बुडणार. आणि दुसरंही त्याच्या मनात आलं, ते का लपवा? चूक आपली म्हटली तर हे लोक आपल्याला जाऊ देतील.

"माझंच सील कच्चं बसलं," तो म्हणाला. "हात गेले माझे. आता मला मोकळं करा."

समितीचा म्हातारा अध्यक्ष काजीमान त्याच्याशेजारी उकिडवा बसला. "एक सील चुकलं म्हणून तुला हाकलू होय, भाइ? एवढे उलट्या काळजाचे वाटलो आम्ही?"

देउमानचे तर डोळेच भरून आले. "दाजू," थोरल्या भावाला म्हणावं तसं तो म्हणाला, "पुढचंही सील तुम्हीच बसवा. माझी काही तक्रार नाही."

कुणीतरी पदमलालच्या पाठीवर थाप मारली, कुणी चहा आणला. आता खरं सांगायची सोय राहिली नव्हती. त्याला त्या सगळ्यांचा संताप आला आणि रडूही आलं.

दोन दिवसांनी त्याने लेकीला फोन केला. म्हणाला, यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी बघू. पेमाने कारण विचारलं नाही.

"बाबा, मग ती खोली मुलांना देऊ का अभ्यासाला? किती वर्षं रिकामी ठेवायची?"

"दे," पदमलाल म्हणाला.