शिफ्ट सुटतानाची तोंडं

"आत जानाऱ्यांचं नको, सुटनाऱ्यांचं तोंड बग!" कुठल्याही कंपनीचा विषय निघाला की दादा बोट नाचवत हे म्हणणारच.

बोईसरच्या चाळीत आमच्या दोन खोल्यांत भिंत एकच. मी सोलापूरकडचा, एका कारखान्याच्या स्टोअरला चिकटलेला. दादा इथल्याच मुरबे गावचे, फिटर. पाय एका जागी ठरेल तर शपथ! नवी नोकरी धरायची तर ते आधी त्या कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर शिफ्ट सुटायच्या वेळी जाऊन उभे राहत आणि एकेक चेहरा न्याहाळत. माणसं मान खाली घालून निघाली की चहा अर्धा टाकून परत. पगार विचारायचाही राहून जाई.

नोकऱ्या सोडायची कारणं ऐकाल तर हसाल. एका ठिकाणी साहेबांना कपबशी आणि कामगारांना प्लॅस्टिकचा मग. सोडली. दुसरीकडे सुपरवायझर सगळ्यांना 'ए' म्हणूनच बोलवायचा. "आयनं नाव ठेवलंय ना मला? मंग?" म्हणून तीही सोडली.

"अहो दादा, अशानं घर चालतं का?" मी एकदा वैतागून विचारलं.

"घर चालंल रे. पन मान्सानं घरी हसत यायला नको?"



एका संध्याकाळी मात्र भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज चढला. "पोरीला बगायला मानसं येतात. बाप कुटं कामाला हाय, इचारतात. दर येळी नवीन नाव सांगायची लाज वाटते मला. आता धराल ती शेवटची. सोडलीत तर मी चालली केळव्याला, भावाकडं!"

दुसऱ्याच दिवशी दादा उड्या मारतच आले. "गावली रे! सगले हसत सुटले. एक तर गात होता! येतो म्हनून सांगून आलो."

"आज वार कोणता, दादा?"

"गुरुवार."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी संध्याकाळी तर आमचा मॅनेजरसुद्धा हसतो! एवढा मुरलेला माणूस, पण वहिनींच्या धाकानं वार बघायला विसरला.

शब्द देऊन बसले होते, तिकडेही आणि घरातही. म्हणून टिकले. तिथला साहेब चारचौघांत खेकसायचा, जेवताना मागे उभा राहून घड्याळ बघायचा. पूर्वी दादा संध्याकाळी पायरीवर बसून माझी टर उडवायचे, आता गाडी लावून सरळ आत. विचारलं की म्हणत, "चाललंय." पोरीचं लग्न झालं, तर हा माणूस मांडवातही घड्याळच बघत होता. मला त्यांची काळजी वाटायला लागली.

नंतरच्या एका सोमवारी मी पहिली पाळी करून आलो, तर वहिनी दारात. "भावजी, जरा गाडीवर सोडाल? यांच्या कंपनीच्या गेटवर."

टपरीपाशी आम्ही दोघं उभे राहिलो. शिफ्ट सुटली. दादा आले आणि अगदी आमच्या समोरून पुढे गेले. बायको उभी आहे, हे त्यांना दिसलंच नाही. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग धावत जाऊन त्यांची बाही धरली.

"चला."

"कुटं?"

"केळव्याला. दोगंबी."

"अगं, तूच बोललीस ना, सोडायची नाय?"

"मीच बोलली. आता मीच सांगते, उद्यापासनं जायचं नाय."

भर रस्त्यात दादा लहान मुलासारखे रडले. खोटं कशाला सांगू, मलाही भडभडून आलं.

आता शेजारची खोली रिकामी आहे. केळव्याला मेव्हण्याच्या वाडीत मुंबईचे पाहुणे उतरतात. वहिनी त्यांना रांधून वाढतात, दादा पंप-नळ बघतात. परवा फोनवर विचारलं, "कशी आहे नवी कंपनी?"

"मालकीन कडक हाय रे. नावानं हाक नाय मारत, 'अवो' म्हनते!" आणि किती दिवसांनी त्यांचं ते गडगडाटी हसू ऐकलं.

काल सोमवार. पाळी संपवून मी गेटबाहेर आलो. समोरच्या टपरीवर एक अनोळखी माणूस हातात चहा धरून आमच्याकडे टक लावून बघत होता. माझ्या लक्षात आलं. मी घाईघाईनं त्याच्याकडे बघून हसलो.

त्यानं अर्धा चहा ओतून दिला आणि निघून गेला.