टकटक मावशीचा तंबुरा

माझी मावशी कुठलीही वस्तू ठोकल्याशिवाय घरात घेत नाही. कलिंगड आणि माठ सगळेच ठोकतात. मावशी सोफा ठोकते, हेल्मेट ठोकते. एकदा माझ्या ताईला बघायला आलेल्या मुलाची पाठसुद्धा शाबासकीच्या निमित्ताने ठोकून आली होती. "भरीव आहे, हो म्हणा," असा निकाल तिने स्वयंपाकघरात येऊन दिला. ते आमचे भावजी आजही भरीव आहेत, अंगानेही. इंदूरच्या जुनी इंदूर भागात सगळे तिला टकटक मावशी म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं.

दर गुरुवारी तिच्या हॉलमध्ये भजन व्हायचं. अभंग झाले की मालवी निर्गुणी भजनं, मग शिरा. पाच तारांचा मालवी तंबुरा उभा धरून मावशी एका हाताने तारा छेडायची, दुसऱ्या हातात चिपळ्यांसारखी करताल वाजवायची आणि वर गायचीही. जोशीकाकू आणि बाकीच्या काकू तिच्या तंबुऱ्याला धरून सुरात राहायच्या. तो थांबला की चार काकू चार दिशांना जायच्या. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मावशीने पुण्याला लेकीकडे कायमचं जायचं ठरवलं. काकांनी दिलेला तंबुरा ती सोबत नेणार होती. म्हणजे गुरुवार बंद पडणार, हे सगळ्यांना कळत होतं.

मी मात्र वेगळ्याच धुंदीत होतो. दिवसा ऑफिस, संध्याकाळी बँडमध्ये गिटार असं माझं चाललेलं. इंदूरजवळच्या राऊ गावातल्या एका कॉलेजात आमचा कार्यक्रम ठरला होता आणि स्टेजवर काहीतरी मातीतलं वाद्य हवं, असं माझ्या डोक्याने घेतलं. "मावशी, तंबुरा घ्यायचाय, येतेस का?" असं विचारलं, तर माझं वाक्य संपायच्या आत तिच्या पायात चपला होत्या. दुखरे गुडघे त्या दिवशी बहुधा घरीच राहिले.

दुकानात शिरताच मी मोर रंगवलेला तंबुरा उचलला, गिटारसारखा मांडीवर आडवा घेतला आणि डाव्या हाताने कॉर्ड शोधू लागलो. तंबुऱ्यावर कॉर्ड नसतातच. तारा मोकळ्याच छेडायच्या असतात. दुकानदार अदबीने, इंदुरी ढंगात म्हणाला, "भिया, इसको खड़ा रखते हैं." मावशीला इतकं हसू आलं की तिला जवळच्या स्टुलावर बसावं लागलं. "अरे, त्याच्या गळ्याला गुदगुल्या काय करून राहिलास? उभा धर त्याला!" मी मोबाइलवर ट्यूनर लावला, आवाज स्पीकरला पोहोचवणारा पिकअप कुठे बसेल ते विचारलं. तोवर मावशीने मोराच्या पोटावर बोट वाजवलं होतं. "हा नुसता नटलेला आहे," ती म्हणाली.

मग तिने दुकानातला एकेक तंबुरा ठोकायला घेतला. दुकानदार आधी घाबरला, मग कान देऊ लागला, मग स्वतःच ठोकू लागला. हार्मोनियम बघायला आलेले एक गृहस्थही आमच्यात सामील झाले आणि आपलं मत देऊ लागले. शेवटी कोपऱ्यातल्या एका काळपट, अगदी साध्या तंबुऱ्याने टक केल्यावर असा आवाज दिला की सगळेच थांबले. मावशीने तारा लावून घेतल्या आणि डोळे मिटून गायला लागली.

ती गात होती फार खालून. मावशीचा आवाज उंच, हे मला लहानपणापासून माहीत. "मावशी, हा तुझा सूर नाही."

"माझा कशाला? मी काय इथे राहणार आहे? जोशीकाकू इथूनच गातात."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. माझ्या कार्यक्रमासाठी ती आलीच नव्हती. आपल्या मागे गुरुवारचं काय, हे शोधायला आली होती. "आणि वाजवणार कोण?" मी विचारलं.

मावशीने बोट वाकवलं आणि माझ्या डोक्यावर टक केलं. "आतून पोकळ आहे," ती दुकानदाराला म्हणाली, "पर गूँज अच्छी है." तिने आयुष्यात कुणाला गळ घातली नव्हती. ही एवढीच.

मोर दुकानातच राहिला, काळपट तंबुरा घरी आला. राऊला कार्यक्रम झकास झाला, फक्त मी त्याच मोकळ्या तारा छेडत बसलेला बघून ड्रमवाला शेवटपर्यंत विचारत होता की तुझा सोलो कधी आहे. गुरुवारी मात्र माझी फजिती झाली. एका हातात तंबुरा, दुसऱ्यात करताल आणि दोघांचं आपसात पटेना. तिसऱ्या भजनाला करताल हातातून उडाली ती थेट शिऱ्याच्या पातेल्यात. जोशीकाकूंना हसून ठसका लागला. मावशी म्हणाली, "चलो, नैवेद्य तर पोहोचला."

आता ती पुण्यात असते. गुरुवारी काकूंपैकी एकीच्या घरी आम्ही जमतो, देवाजवळ फोन उभा करतो आणि पलीकडून मावशी टेबल ठोकते. एक टक म्हणजे ठीक. दोन म्हणजे खुंटी बघ, तार उतरली आहे. सुरुवातीला त्या फोनवर कुणी सुतार बसलाय असं वाटायचं.

गेल्या गुरुवारी मात्र एकही टक आली नाही. पहिलं भजन झालं, दुसरं झालं, आमच्या आवाजावरही ऐकू येणारी ती टकटक नाहीच. काकू एकमेकींकडे बघू लागल्या, माझा हात वाजवत राहिला पण जिवाला चैन नव्हतं. शेवटचं भजन संपताच मी फोन उचलला. "मावशी, आहेस ना? ठोकलं का नाहीस?"

"अरे हो की," ती म्हणाली. तिला दम लागला होता. "विसरूनच गेले. गात होते ना मी तुमच्याबरोबर."