पऱ्हाटीची काडी

मी रोज अमरावतीहून स्कूटीने भातकुलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाते. माझ्या नाकावर राग असतो, हे मुलांना पहिल्या दिवशी कळतं आणि दुसऱ्या दिवसापासून ती तो मनावर घेत नाहीत.

पेरण्या आटोपल्या तेव्हा सहावीला 'डू नॉट'चं 'डोण्ट' शिकवत होते. "ओ गाळायचा आणि त्याच्या जागी वर अपॉस्ट्रॉफी द्यायची," असं तीनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्या दिवशी वह्या पाहते तर काय, सगळ्यांनी अपॉस्ट्रॉफी दिलेली आणि 'ओ'ही परत लिहिलेला! मी आवाज चढवला. तशी पुढे बसणारी एक चुणचुणीत मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, खाडा दिसला तं भरा लागते ना!"

सगळी कपाशीवाल्यांची पोरं. ओळीत जिथे बी उगवलं नाही, ती मोकळी जागा म्हणजे खाडा. पुढे चालणारी बाई तिथे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडाची काडी खोचते आणि मागची येऊन बी टोबते. मी म्हटलं, "मग अपॉस्ट्रॉफी म्हणजे काडी समजा. नुसती खोचायची, बी टोबायचं नाही." वर्गाला लगेच पटलं.

दुसऱ्या दिवसापासून तीच मुलगी येईना. खाडे भरायला बाया मिळत नव्हत्या, म्हणून आईने तिला शेतात नेलं होतं. पुढे निंदण, म्हणजे तण काढणं, होतंच. गेल्या वर्षी एक मुलगी अशीच निंदणाला गेली, ती शाळेत परत आलीच नाही. मी घरी जाऊन आईशी बोलले, जरा जास्तच बोलले. "पाहू," एवढंच तिचं उत्तर.

सोमवारी वर्गात आले तर सतरंजीवर एक वाळकी काडी पडलेली. केर समजून उचलायला वाकले, तर सगळी ओरडली, "राहू द्या मॅडम, तिची जागा आहे थे!" दोन्ही बाजूंची मुलं अंग चोरून बसली होती. मी हात मागे घेतला.

आठवडाभर ती काडी कोणी हलवली नाही. मग एका सकाळी आई मुलीला घेऊन दारात उभी. पायांना काळी माती तशीच.

"पोरं सांगून राहिले, इची काडी लावून ठेवली म्हणून," ती म्हणाली. "काडी खोचलेली जागा आमी खाली नाही सोडत, मॅडम."

मुलीने काडी उचलून दप्तरात टाकली आणि आपल्या जागेवर बसली. त्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत मी कोणावरच ओरडले नाही.